पाळी जाताना स्मरणशक्ती कशी सांभाळाल: पहिल्यांदाच याला सामोऱ्या जाणाऱ्यांसाठी

सगळ्यात आधी भिजवलेल्या बदामांची वाटी जरा बाजूला ठेवा. बदाम खुशाल खा, त्यांच्याशी भांडण नाही. पण "हल्ली माझ्या काही लक्षातच राहत नाही" असं पंचेचाळिशीतली बाई म्हणाली की पहिला सल्ला बदामांचा येतो, दुसरा ब्राह्मीचा आणि तिसरा शब्दकोड्यांचा. त्याआधी करायच्या गोष्टी मात्र कुणी सांगत नाही. या लेखात त्याच आहेत, करायच्या क्रमाने.

नेमकं काय होतंय

पाळी सलग 12 महिने आली नाही, की रजोनिवृत्ती झाली असं डॉक्टर धरतात. भारतात हे सरासरी 46-47व्या वर्षाच्या आसपास घडतं, युरोप-अमेरिकेपेक्षा काही वर्षं आधीच. विसरायला होणं मात्र बहुतेकींना त्याच्याही आधी जाणवू लागतं, पाळी पुढेमागे व्हायला लागते त्या काळात. याला पेरिमेनोपॉज म्हणतात. कुणाचा तो दोन वर्षांत आटोपतो, कुणाचा सात-आठ वर्षं रेंगाळतो. तेव्हा बेचाळिसाव्या वर्षी ओळखीच्या बाईचं नाव ओठांवर येऊन अडकलं तर "इतक्यात कसं काय?" म्हणून धसका घेऊ नका.

इस्ट्रोजेन हे हार्मोन फक्त गर्भाशयापुरतं नसतं. नवी माहिती साठवणारा मेंदूतला हिप्पोकॅम्पस हा भाग आणि लक्ष एका जागी धरून ठेवणारा कपाळामागचा भाग, दोन्हींच्या कामात त्याचा हात असतो. पेरिमेनोपॉजमध्ये ते एका रेषेत कमी होत जात नाही, वरखाली होत राहतं. त्यामुळे एखाद्या आठवड्यात डोकं लख्ख चालतं आणि पुढच्या आठवड्यात फ्रिज उघडून "काय घ्यायला आले होते?" म्हणत उभं राहायची वेळ येते.

अमेरिकेत 1996 पासून 'स्वान' नावाच्या अभ्यासात हजारो स्त्रियांचा वर्षानुवर्षं पाठपुरावा होतो आहे. स्मरणशक्तीची एखादी चाचणी पुन्हा पुन्हा दिली की सरावाने गुण वाढतात. 2009 मध्ये या अभ्यासातून असं दिसलं, की पेरिमेनोपॉजमधल्या स्त्रियांचे गुण तसे वाढत नव्हते, पण पाळी पूर्ण गेल्यावर सराव पुन्हा अंगी लागू लागला. म्हणजे बहुतेकींच्या बाबतीत ही मधल्या काळातली अडचण असते. साठीच्या आत खरा डिमेन्शिया (स्मृतिभ्रंश) होणं विरळाच.

आता या लेखातला मुख्य मुद्दा. किल्ली कुठे ठेवली ते आठवत नाही, तेव्हा पुष्कळदा ती ठेवतानाच डोक्यात नोंद पडलेली नसते. रात्री तीनदा जाग आलेली, अंगातून वाफा निघताहेत, कुकरच्या शिट्ट्या मोजायच्या आहेत, फोन वाजतोय, आणि हात आपोआप किल्ली कुठेतरी टेकवतो. जे आत गेलंच नाही ते आठवणार कुठून? म्हणून आधी नोंद पडण्याच्या आड काय येतंय ते शोधायचं. स्मरणशक्तीचा सराव त्यानंतर.

पहिलं काम: दोन आठवड्यांची वही

साधी शाळेची वही घ्या. रोज रात्री चार ओळी लिहायच्या: आज काय विसरलं, दिवसाच्या कोणत्या वेळी, काल रात्री झोप कशी होती, वाफा किती वेळा आल्या. पाळी आली असेल तर तारीख. बस्स. मोबाइलमध्ये लिहिलं तरी चालेल, पण हाताने लिहिलेलं जास्त लक्षात राहतं आणि डॉक्टरांपुढे वही ठेवणंही सोपं जातं.

दोन आठवड्यांनी वाचून बघा. बहुतेकींना काहीतरी सापडतंच: वाईट रात्रीनंतरचा दिवस, किंवा संध्याकाळची सहा ते आठची वेळ, किंवा ठरावीक औषध घेतल्यानंतरचे तास. काहीच सूत्र दिसलं नाही तरी "मी सगळंच विसरते" हे खरं नाही, एवढं तरी कागदावर दिसतं.

दुसरं काम: रक्त तपासून घ्या, औषधांची पिशवी उघडा

"वयच आहे तुमचं" एवढं ऐकून परत येऊ नका. विसरायला लावणाऱ्या आणि औषधाने बऱ्या होणाऱ्या गोष्टी नेमक्या याच वयात एकत्र येतात.

हिमोग्लोबिन आधी. पेरिमेनोपॉजमध्ये पाळी लांबते, अंगावरून खूप जातं, आणि लोह संपत जातं. 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत 15 ते 49 वयोगटातल्या निम्म्याहून जास्त भारतीय स्त्रियांना रक्तक्षय असल्याचं आढळलं होतं. हिमोग्लोबिन 12 च्या खाली म्हणजे रक्तक्षय. अशा शरीराला लक्ष एकवटणं जड जाणारच. डॉक्टरांना फेरिटिनबद्दलही विचारा, कारण हिमोग्लोबिन ठीक असतानाही शरीरातला लोहाचा साठा रिकामा असू शकतो.

मग थायरॉइडची टीएसएच, तीन महिन्यांच्या साखरेची एचबीएवनसी, रक्तदाब, आणि बी-12. शाकाहारी घरांमध्ये बी-12 कमी असणं इतकं सर्रास आहे की तपासणी चुकवूच नये. मधुमेहासाठी मेटफॉर्मिन किंवा ॲसिडिटीसाठी रोजची गोळी बरीच वर्षं चालू असेल तर बी-12 आणखी उतरतं. हातापायांना मुंग्या येत असतील तर हेही सांगा.

आता औषधं. घरात चालू असलेल्या सगळ्या गोळ्या एका पिशवीत घालून डॉक्टरांकडे न्या, मेडिकलमधून चिठ्ठीशिवाय आणलेल्याही. सर्दीच्या जुन्या पद्धतीच्या गोळ्या (क्लोरफेनिरामिन असलेल्या), अल्प्राझोलामसारख्या झोपेच्या गोळ्या, लघवी थांबत नाही म्हणून दिलेली ऑक्सिब्युटिनिनसारखी औषधं स्मरणशक्ती मंद करू शकतात. झोपेची गोळी मनाने एकदम बंद करायची नाही, ती डॉक्टरांच्या सांगण्यावरून हळूहळू उतरवावी लागते.

कानही तपासून घ्या. "सांगितलं होतं ना तुला!" या वाक्याचं कारण कधीकधी एवढंच असतं, की ते नीट ऐकूच आलेलं नव्हतं. डिमेन्शियाचा पुढचा धोका वाढवणाऱ्या आणि बदलता येण्याजोग्या 14 कारणांची यादी 2024 मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकाच्या तज्ज्ञ आयोगाने दिली. तिच्यात कमी ऐकू येणं आहे, आणि उपचार न केलेला नजरेचा दोषही आहे.

गर्भाशयाची पिशवी काढलेली असेल तर

हा भाग मुद्दाम वेगळा लिहिते आहे, कारण महाराष्ट्रात तो फार बायकांना लागू पडतो. बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड कामगार स्त्रियांच्या गर्भाशयाच्या शस्त्रक्रियांचं प्रकरण 2019 मध्ये उघड झालं आणि सरकारला चौकशी समिती नेमावी लागली. त्यातल्या कित्येकींची पिशवी ऐन तरुणपणी काढलेली होती.

पिशवी काढली की पाळी थांबते, पण बीजांडकोश जागेवर असतील तर हार्मोन्स चालू राहतात. अशा बाईला 12 महिन्यांचा हिशेब लागू होत नाही, वाफा आणि झोपेवरूनच अंदाज घ्यावा लागतो. बीजांडकोशही काढले असतील तर मात्र रजोनिवृत्ती सावकाश न येता शस्त्रक्रियेबरोबरच येते, आणि हे 45 च्या आधी झालं असेल तर पुढे स्मरणशक्तीवर परिणाम होण्याचा धोका वाढतो असं अभ्यासांत दिसलं आहे. पुष्कळ जणींना आपलं नेमकं काय काढलं हे माहीतच नसतं. डिस्चार्ज कार्ड शोधा. त्यावर नुसतं 'हिस्टरेक्टॉमी' आहे, की सोबत 'बायलॅटरल ऊफरेक्टॉमी' किंवा 'बीएसओ' असं लिहिलंय ते बघा. दुसरं असेल तर दोन्ही बीजांडकोश काढलेले आहेत. हे कार्ड घेऊन स्त्रीरोगतज्ज्ञांकडे जा आणि हार्मोनचे उपचार आपल्याला लागू पडतात का, हे सरळ विचारा. कमी वयात हार्मोन्स बंद झालेल्या स्त्रियांना, दुसरी अडचण नसेल तर, नैसर्गिक वयापर्यंत ते देण्याची शिफारस साधारणपणे केली जाते.

तिसरं काम: झोप

वहीत पाहाल तर बहुतेक दोष इथेच सापडेल. दिवसभरात शिकलेलं मेंदू झोपेत पक्कं करतो. रात्री दोन वाजता घामाने गाऊन भिजला, पंखा वाढवला, नवऱ्याने कमी केला, मग साडेपाचला पाण्यासाठी उठायचं आणि डबे करायचे. यावर कितीही शब्दकोडी सोडवली तरी भरपाई होत नाही.

उठायची वेळ रविवारीही तीच ठेवा, झोपायची वेळ आपोआप सुधारते. दुपारी चारनंतर चहा-कॉफी नको. रात्रीचं जेवण झोपेच्या दोन-तीन तास आधी, आणि त्यात ठेचा नको, कारण तिखटाने कुणाकुणाच्या वाफा वाढतात. सुती कपडे, उशाशी पाणी, पायाशी दुमडून ठेवलेली वेगळी चादर. पंख्याची कुरबूर रोजची असेल तर स्वतःपुरता टेबलफॅन घ्या. घरातल्या शांततेसाठी हा खर्च स्वस्त आहे. दुपारी डुलकी घ्यायची तर वीस-तीस मिनिटं, तीही तीनच्या आत. जाग येऊन बराच वेळ झोप लागत नसेल तर अंथरुणात तळमळत पडू नका. उठून मंद दिव्यात काहीतरी कंटाळवाणं करा, डोळे जड झाले की परत या. मोबाइल हातात घेतला तर तास कधी जातो ते कळत नाही.

घोरणं नव्याने सुरू झालं असेल आणि सकाळी डोकं जड राहत असेल तर स्लीप ॲप्नियाची, म्हणजे झोपेत श्वास अडकण्याच्या त्रासाची तपासणी करा. पाळी गेल्यावर त्याचं प्रमाण वाढतं, आणि बायका "घोरतेस" हे ऐकून लाजून गप्प बसतात.

वाफा रोजच झोप मोडत असतील तर त्या सोसायच्या नसतात, त्यांच्यावर औषध आहे. हार्मोन उपचार हा सर्वांत परिणामकारक उपाय. साठीच्या आत किंवा पाळी जाऊन दहा वर्षं व्हायच्या आत सुरू केला तर निरोगी स्त्रीला साधारणपणे फायदा जास्त, धोका कमी. स्तनाचा कर्करोग, रक्ताच्या गुठळ्या, पक्षाघात यांपैकी काही होऊन गेलं असेल तर डॉक्टर बहुधा नको म्हणतील. तेव्हा हार्मोन नसलेल्या गोळ्या आहेत. पण स्मरणशक्ती वाढावी एवढ्याचसाठी हार्मोन घेऊ नयेत. 65 वर्षांवरच्या स्त्रियांना इस्ट्रोजेन आणि प्रोजेस्टिन एकत्र दिल्यावर डिमेन्शियाचं प्रमाण वाढलेलं अमेरिकेतल्या मोठ्या चाचणीत 2003 मध्ये दिसलं. घ्यायचे ते वाफांसाठी आणि झोपेसाठी. झोप लागली की डोकं पुष्कळसं आपोआप सुधारतं.

चौथं काम: डोक्यावरचं ओझं उतरवा

घरातल्या बाईच्या डोक्यात काय काय असतं ते एकदा लिहून काढा. गॅसचा नंबर, सासऱ्यांची बीपीची गोळी, मुलाच्या परीक्षेचा फॉर्म, दूधवाल्याचा हिशेब, कुणाचा उपास कधी, लग्नात कुणाला काय दिलं होतं, सोसायटीची मीटिंग. आता यातलं तुमचं स्वतःचं किती? "आई विसरते हल्ली" असं जे म्हटलं जातं, त्यातला बराच भाग दुसऱ्यांच्या लक्षात असायला हवा होता. ती यादी घेऊन जेवणाच्या टेबलावर बसा आणि नावानिशी वाटप करा. गोळी ज्याची त्याने लक्षात ठेवायची. सुरुवातीला दोन-चार गोष्टी राहतील, राहू द्या. तुम्ही मध्ये पडलात की सगळं परत तुमच्याच डोक्यावर येईल.

उरलेल्या गोष्टींसाठी:

– किल्ली, चष्मा, मोबाइल यांना एकच जागा. दाराजवळ खुंटी ठोका. महिनाभर कटाक्षाने पाळलं की हात आपोआप तिकडे जातो.

– करताना मोठ्याने म्हणा: "गॅस बंद केला." "कपाटाला कुलूप लावलं." हसतील घरचे. पण आपलाच आवाज कानावर पडला की नोंद पडते आणि लिफ्टमधून परत फिरायची वेळ येत नाही.

– वेळेपेक्षा कृतीला काम जोडा. "नऊ वाजता गोळी" विसरली जाते, "सकाळच्या चहाचा कप विसळला की गोळी" सहसा विसरली जात नाही.

– दूध तापत ठेवून दुसऱ्या खोलीत जायचंच असेल तर मोबाइलचा टायमर लावून मोबाइल सोबत न्या.

– ओटीपी, फोनवरचं बोलणं, हिशेब: त्या वेळी दुसरं काहीही नाही. बोलणाऱ्याला "एक मिनिट थांब" म्हणायला शिका.

शब्द अडकला तर त्याच्याशी झटापट करू नका. "ते हो, पोहे चाळायचं" असं वर्णन करून पुढे जा, शब्द थोड्या वेळाने मागून येतो. भर सभेत अडकला तरी हेच.

पाचवं काम: आठवण्याचा सराव

आता शब्दकोड्याकडे वळायला हरकत नाही, पण माझं मत विचाराल तर कोडी सोडवून माणूस मुख्यतः कोड्यांतच तरबेज होतो. रोजच्या व्यवहारात उपयोग हवा असेल तर न बघता आठवण्याचा सराव करा. नुसतं पुन्हा पुन्हा वाचण्यापेक्षा पान मिटून आठवून बघितलेलं जास्त टिकतं, आणि मध्ये अंतर टाकून आठवलेलं त्याहून टिकतं.

आपल्याकडे याची सोय घरचीच आहे. भजनी मंडळात असाल तर महिन्याला एक नवा अभंग पाठ करा, वहीत न बघता. पहिल्या दिवशी दोन चरण. त्याच रात्री न बघता म्हणायचे. मग दुसऱ्या दिवशी, मग तीन दिवसांनी, मग आठवड्याने. अडलं तर आधी दहा सेकंद आठवायचा प्रयत्न, मगच वही. भजनाची आवड नसेल तर मंगळागौरीची नाहीतर भोंडल्याची गाणी, नातीच्या पुस्तकातली कविता, नाटकातलं स्वगत, काहीही. गाणं आणि सोबतीला चार बायका असल्या की सराव टिकतो, शिवाय एकटेपणाही जातो. लॅन्सेटच्या त्या यादीत एकटेपणाही आहेच.

घरातल्या दोघांचे फोन नंबर पाठ करा. संध्याकाळी सकाळच्या पेपरातली एक बातमी कुणाला तरी तपशिलासह सांगून बघा. नवीन ओळख झाली की बोलण्यात तिचं नाव दोनदा घ्या. आणि एखादी खरोखर नवी गोष्ट शिका: स्कूटर, मोडी लिपी, पोहणं, हिशेबाचं सॉफ्टवेअर. सुरुवातीला चुका व्हाव्यात इतपत अवघड असलं म्हणजे योग्य.

चालणं आणि खाणं

आठवड्याला 150 मिनिटं झपाझप चालणं. चालताना बोलता येईल पण गाणं म्हणता येणार नाही, असा वेग. घरातली ये-जा यात धरायची नाही. आठवड्यातून दोनदा ताकदीचे व्यायाम: खुर्चीवरून हात न टेकता उठणं-बसणं, भिंतीला हात लावून दंड, पाण्याच्या भरलेल्या बाटल्या उचलणं. रक्तदाब, साखर, झोप, हाडं, सगळ्यांना एकदम उपयोगी पडणारं दुसरं काही नाही.

खाण्याबद्दल फार लिहीत नाही. भाकरी, डाळ, उसळ, पालेभाजी, मूठभर शेंगदाणे, खात असाल तर बांगडा-तारली. जेवणावर लिंबू पिळा, आणि चहा जेवणानंतर तासाभराने, म्हणजे लोह अंगी लागेल. दिवसभर चहा आणि साबुदाण्यावर काढलेले उपास या वयात डोकं आणखी बधिर करतात, करायचेच तर ताक, शेंगदाणे, राजगिरा, फळं असू द्या. मिश्री लावत असाल तर सोडा, ती तंबाखूच आहे. ब्राह्मी किंवा कुठलंही भस्म सुरू करण्याआधी डॉक्टरांना सांगा. घरगुती म्हणून विकल्या जाणाऱ्या काही भस्मांमध्ये शिसं सापडलेलं आहे, आणि शिसं मेंदूचा शत्रू आहे.

मन, आणि धोक्याच्या खुणा

नैराश्यही विसरभोळेपणाच्या रूपात येतं. रस वाटत नाही, रडू येतं, सकाळी उठवत नाही असं दोन आठवड्यांपेक्षा जास्त चाललं असेल तर 14416 हा टेलि-मानसचा सरकारी क्रमांक चोवीस तास मोफत आहे, आणि मराठीतून बोलता येतं.

काही गोष्टी मात्र पाळीच्या खात्यावर टाकू नका. वर्षानुवर्षांच्या रस्त्यावर वाट चुकणं. नेहमीची पुरणपोळी करताना पुढची पायरीच न सुचणं. तोच प्रश्न दहा मिनिटांत तिसऱ्यांदा विचारणं आणि आधी विचारल्याचं आठवतच नसणं. पैशांच्या साध्या व्यवहारात नव्याने घोटाळे. स्वभाव बदलल्याचं घरच्यांना जाणवणं. यांपैकी काही असेल, किंवा विसरणं महिन्यागणिक वाढतच असेल, तर न्यूरोलॉजिस्टकडे जा. आपल्यापेक्षा घरच्यांना जास्त काळजी वाटत असेल तर ती खूण विशेष गंभीर समजा. आणि बोलणं एकाएकी अडखळलं, तोंड वाकडं झालं, एका बाजूचा हात-पाय लुळा पडला तर 108 ला फोन करा, सकाळची वाट बघायची नाही.

डॉक्टरांकडे जाताना दोन आठवड्यांची वही, औषधांची पिशवी, जुनं डिस्चार्ज कार्ड आणि घरातलं एक माणूस सोबत न्या. "मला विसरायला होतं" एवढंच न सांगता प्रसंग सांगा: "मागच्या मंगळवारी बँकेत सही करताना तारीख सुचली नाही, आदल्या रात्री चारदा जाग आली होती." तीन महिन्यांनी पुन्हा दोन आठवडे वही लिहा आणि दोन्ही शेजारी ठेवून वाचा.